तक्रार मागणारी घरमालकीण

मखमलाबाद रस्त्याला तेव्हा एका बाजूला घरं होती आणि दुसऱ्या बाजूला कोबी-फ्लॉवरचे मळे. आम्ही भाड्याची जागा बघायला तिथे गेलो, ती नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. लग्न होऊन थोडेच महिने झाले होते. ह्यांना अंबडच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती आणि मी एका शाळेच्या ऑफिसात कामाला होते. ज्यांनी पत्ता दिला त्यांनी सांगितलं होतं, "वरची डावीकडची जागा रिकामी आहे. मालकीणबाई फार चांगल्या आहेत. फक्त जरा..." आणि पुढचं न बोलता त्यांनी हाताचा पंजा हवेत हलवला होता.

दुमजली इमारत, पुढे अंगण, मागे विहीर आणि गुलाबाची झाडं. वरच्या जागेचं दार उघडंच होतं. आत खिडकीखाली सतरंजी पसरलेली आणि तिच्यावर पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई उताण्या पडलेल्या. डोळे मिटलेले. उशाशी तांब्या आणि भाकरीचा डबा. आम्हाला वाटलं, जागा गेली.

"रिकामी आहे असं कळलं होतं," हे चाचरत म्हणाले.

"हाय ना रिकामी," बाई डोळे न उघडता म्हणाल्या. "बोलू नका जरा. ऐका."

आम्ही दारातच उभे राहिलो. बाहेर वाऱ्याची झुळूक आली आणि खिडकीचं वरचं तावदान हलकंच वाजलं.

"ऐकलं?" बाई उठून बसल्या. चेहरा असा उजळला होता, की जणू हरवलेली वस्तू सापडली. "दोन दिवस शोधतेय. ह्ये तावदान. तुम्हाला दुपारची झोप लागू द्यायचं नाय ह्ये."

"चालेल हो. त्यात काय एवढं," मी म्हणाले.

"चालेल कसं? आज चालेल, म्हैन्यानी चिडचिड होईल, तू याच्यावर चिडशील, ह्यो तुझ्यावर चिडंल, आणि दोघांना कळायचं बी नाय का तावदानाचं भांडण हाय." मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाल्या, "तू बुटकी हायस. कपड्याची दोरी खाली घ्यावी लागंल. चार दिसांनी या राहायला. माझं अजून व्हायचंय."

त्या आक्का. त्यांचं खरं नाव वीजबिलावर असायचं, पण आम्ही सगळे भाडेकरू त्यांना आक्काच म्हणायचो.

जागा रिकामी झाली की आक्का आपलं खालचं घर सोडून तिथे राहायला जात. रंगसफेदी वगैरे नंतर. आधी त्या तिथे जेवत, झोपत, आंघोळ करत, भांडी घासत. मोरीतलं पाणी पायाशी साचतं का, पहाटे उजेड डोळ्यांवर येतो का, कडी लावताना बोटाला लागते का, हे सगळं अंगावर घेऊन बघत. जे खुपेल ते दुरुस्त करत आणि मगच किल्ली हातात देत. माझ्या त्या स्वयंपाकघरात हात जिथे जाईल तिथे खुंटी होती. पुढे स्वतःचा फ्लॅट झाला, मोठा ओटा झाला, पण तशी हाताजवळची खुंटी काही पुन्हा मिळाली नाही.

आक्का मळेवाल्यांच्या घरातल्या. सासरी-माहेरी दोन्हीकडे गुलाब, शेवंती आणि पालेभाज्या. यजमान लवकर गेले. शहर वाढत वाढत मळ्याच्या बांधापर्यंत आलं, तेव्हा मळ्याचा मोठा तुकडा विकला गेला आणि उरलेल्यावर ही इमारत उभी राहिली. पण इमारतीकडे बघायची त्यांची नजर मळ्याचीच राहिली. सकाळी खांद्याला कापडी पिशवी अडकवून त्या फेरी मारत. पिशवीत पान्हा, पेचकस, तेलाची बुधली आणि नळाचे वायसर ठेवलेला पत्र्याचा डबा. भिंतीवरून तळहात फिरवत, पाइपाला कान लावत, चेंबरचं झाकण उचलून आत डोकावत.

"काय झालंय आक्का?" असं कोणी विचारलं की म्हणत, "काय नाय झालं. व्हायच्या आधी बघतेय. गुलाबावर भुरी दिसल्यावर फवारून काय उपयोग? पान तर गेलं ना."

वैशाखात त्यांचा एक मोठा सोहळा असे. गच्चीवरून पाणी उतरायची सगळी भोकं बारदानाचे बोळे घालून बंद करायची, विहिरीवरची मोटर लावायची आणि गच्चीत घोट्याएवढं पाणी भरायचं. पाणी दिवसभर तसंच ठेवायचं. पाऊस यायच्या आधी गच्ची कुठे पाझरते ते कळावं म्हणून. त्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या प्रत्येकाला छत बघायची ड्यूटी. पहिल्या वर्षी नेमक्या त्याच वेळी माझ्या सासूबाई नामपूरहून आल्या होत्या. जेवून जरा पडल्या होत्या, तेवढ्यात आक्का आत आल्या, त्यांच्याशेजारी सरळ आडव्या झाल्या आणि छताकडे बोट दाखवून म्हणाल्या, "विहीणबाई, तुम्ही त्या कोपऱ्यावर ध्यान ठेवा, मी ह्या कोपऱ्यावर ठेवते."

सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मला हसू आवरेना. आक्का गेल्यावर त्या म्हणाल्या, "हाई बाई येडी शे का काय!"

पण संध्याकाळपर्यंत त्याच मला ओरडून सांगत होत्या, की पंख्याच्या डावीकडे डाग दिसतोय, बोलाव तुझ्या आक्काला. पुढच्या उन्हाळ्यात शाळेत सासऱ्यांचा फोन आला. नामपूरला कांद्याची चाळ भरायची होती आणि सासूबाई हटून बसल्या होत्या, की आधी पत्र्यांवर पाणी ओतून बघा, मगच कांदा आत जाईल.

असं नाही की आक्कांचं सगळं बरोबरच यायचं. एका दिवाळीत, ऐन पहिल्या आंघोळीच्या सकाळी, त्यांना वाटलं की टाकीखालचा कॉक आता म्हातारा झालाय. कॉक चांगला चालू होता. त्यांनी तो फिरवला तो पाइपासकट हातात आला. टाकी अंगणात रिकामी झाली. अंगाला तेल-उटणं लावून बसलेले आम्ही सगळे विहिरीवर रांगेत उभे, आणि आक्का ओल्या लुगड्याने प्रत्येकाच्या दारात जाऊन म्हणतायत, "माझं चुकलं. लय चुकलं." माझे यजमान तेलकट अंगाने थंडीत कुडकुडत होते, तरी त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. आक्कांना तेच जास्त लागलं. "अहो, शिव्या तरी द्या," त्या म्हणाल्या.

हे त्यांचं खास होतं. आक्कांना तक्रार हवी असे. दुसऱ्या घरमालकांना भाडेकरू दारात दिसला की कपाळावर आठी येते. आक्का लगेच पुढे होत. "काय गं? काय बिघडलं?" आवाजात आशाच असायची. काही बिघडलं असेल तर त्या ते काम तर करतच, वर तक्रार आणणाऱ्याला मागच्या वाफ्यातली मेथीची जुडी देत. काहीच नाही म्हणाल तर त्यांचा चेहरा पडायचा. भाजी आणायचा कंटाळा आला की आमच्यातल्या काही बायका बिजागरी कुरकुरते म्हणून वर्दी द्यायच्या. आक्का यायच्या, न कुरकुरणाऱ्या बिजागरीला तेल घालायच्या आणि मेथी द्यायच्या. त्यांना कळत नसेल असं मला तरी वाटत नाही.

त्यांचा मुलगा, भाऊसाहेब, यांचं द्वारका चौकात टायरचं दुकान. ते बायको-मुलांसह तिकडेच राहत आणि रविवारी आईकडे येत. माणूस वाईट नव्हता, पण हे सगळं बघून वैतागायचे. एकदा अंगणात सगळ्यांसमोर म्हणाले, "आई, तू भाडेकरू ठेवलेत का जावई?"

"जावई परवडले," आक्का म्हणाल्या. "ते निदान रुसतात तरी."

हे असं का, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, मेथी निवडता निवडता. इमारत नवी असताना खालच्या जागेत एक मास्तर आणि त्यांची बायको राहत होती. फार भिडस्त जोडपं. वर्षभर राहिले आणि एक दिवस नमस्कार करून गेले. मास्तरांची बदली हरसूलला झाली होती. पुढे आक्का काही कामाने हरसूलच्या बाजारात गेल्या, तिथे मास्तरांची बायको भेटली. लंगडत चालत होती. बोलता बोलता कळलं, की त्या जागेच्या फरशीतून पावसाळाभर ओल यायची. पोती अंथरून त्या झोपत. गुडघे तेव्हापासून धरले ते धरलेच.

"मी म्हणलं, अगं, सांगायचं नाय? तर म्हणे, तुम्ही इतकं करता आमच्यासाठी, अजून काय सांगायचं." आक्कांचा हात मेथीवरच थांबला. "माझ्या घरात राहून बाई पाय घालवून बसली आणि मला कळलं नाय. कुणाला सांगायचं ह्ये? बोलणाऱ्या माणसाची काळजी नसती गं. गप्प माणसाची लय भीती वाटती मला."

त्या जागेची फरशी आक्कांनी उखडून नव्याने घातली. नंतर तिथे दोन-तीन कुटुंबं राहून गेली, आणि मग आले दिलीप आणि सुनंदा.

दिलीप द्वारका चौकातल्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात होता. सुनंदा तेव्हा गरोदर होती. हसरी, बडबडी मुलगी. आल्या आल्या तिने आक्कांना एवढ्या तक्रारी सांगितल्या, की आक्का खूश होऊन मला म्हणाल्या, "ही पोरगी टिकणार." संध्याकाळी अंगणातल्या नळावर कपडे धुताना आम्हा बायकांची बैठक जमायची, त्यात सुनंदाचाच आवाज सगळ्यांत वर. तो नळ तिच्या खिडकीच्या अगदी खाली होता.

दिवस भरले तेव्हा दिलीपने तिला दवाखान्यात नेलं. बाळ राहिलं नाही. मुलगा होता, एवढंच आम्हाला कळलं. सुनंदा घरी आली ती रिक्षातून उतरून कुणाकडे न बघता आत गेली. दिलीपने दार लावून घेतलं.

पुढचे दिवस फार वाईट गेले. आम्ही बायका भेटायला गेलो. अशा वेळी जे बोलतात ते सगळं बोललो. देवाची मर्जी, अजून वय आहे, पुन्हा होईल. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी तिचा खांदा धरला तर तो लाकडासारखा लागला. मग ती दारच उघडेना. दिलीप सकाळी डबा स्वतः भरून जायचा आणि संध्याकाळी येऊन स्वयंपाक करायचा. तिचा आवाज बंद झाला तो बंदच.

मला वाटलं होतं, आक्का जातील. सगळ्यांच्या घरात हक्काने शिरणारी ही बाई, विहिणीशेजारी आडवी होणारी. पण आक्का एकदाही आत गेल्या नाहीत. त्या बाहेरच राहिल्या. रोज सकाळी फेरीला निघाल्या की सुनंदाच्या खिडकीशी थांबत आणि काहीतरी काम काढत. खिडकी बंदच असे. आक्का बाहेरून बिजागऱ्यांना तेल घालत आणि बोलत राहत.

"पन्हळ साफ करतेय गं. पिंपळाची पानं अडकली होती."

आतून उत्तर नाही.

"जाळीला रंग लावतेय. आज खिडकी उघडू नको, हाताला लागंल."

उत्तर नाही.

कशी आहेस, जेवलीस का, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. रडू नको म्हणाल्या नाहीत. फक्त पन्हळ, जाळी आणि चेंबर. इमारतीतल्या एक बाई मला म्हणाल्या, "दगडाची छाती आहे म्हातारीची. त्या पोरीवर काय बेतलंय आणि हिला पन्हळीचं पडलंय." मलाही तेव्हा ते खरं वाटलं.

काही महिने असे गेले. मग एका रविवारी दिलीप अंगणात आक्कांसमोर येऊन उभा राहिला. भाऊसाहेबही आलेले होते. दिलीप खाली बघत म्हणाला, "आक्का, महिनाअखेर जागा सोडतोय. आई म्हणते, ही वास्तू आम्हाला लाभली नाही. सुनंदाला तिच्या माहेरी पाठवतो. मी राहीन कुठेतरी कॉट बेसिसवर."

"आणि मंग?" आक्कांनी विचारलं.

"मग काय... आई बघेल."

आई काय बघेल ते सगळ्यांना कळलं. एकदा मुलगी माहेरी गेली की तिला परत आणायला कोण जाणार होतं? आणि दिलीपची आई दुसरी सोयरीक शोधायला किती दिवस लावणार होती?

"तिला विचारलं का?" आक्का म्हणाल्या.

दिलीपचे डोळे भरून आले. "बोलतच नाही हो ती. काय विचारू?"

"आई, जाऊ दे त्यांना," भाऊसाहेब मध्येच म्हणाले. "त्यांची इच्छा नसेल तर धरून कशाला ठेवायचं?"

"तिची इच्छा मला अजून कळली नाय," आक्का म्हणाल्या आणि मागे गुलाबांकडे निघून गेल्या.

त्यानंतर लगेचच अंगणातला नळ गळायला लागला. टप्, टप्, टप्. खालच्या फरशीवर थेंब पडे आणि आवाज सगळ्या इमारतीत घुमे. आता आक्का पान्हा घेऊन येतील म्हणून आम्ही वाट बघितली. आक्का आल्या नाहीत. मी वर्दी द्यायला गेले. त्यांनी मला मेथीची जुडी दिली आणि म्हणाल्या, "हां, बघते."

दुसऱ्या दिवशीही नळ तसाच. तिसऱ्या दिवशीही. सगळ्यांनी सांगून झालं. घरोघर मेथी झाली, नळ तेवढा दुरुस्त होईना. शेवटी हे म्हणाले, "आक्का, वायसर द्या, मी बसवतो." आक्का एकदम करड्या आवाजात म्हणाल्या, "हात लावू नका त्याला."

मला काही कळेना. एक दिवस त्यांना शोधत मागे गेले, तर त्या विहिरीच्या कठड्याला टेकून बसल्या होत्या, पदर दोन्ही कानांवरून घट्ट ओढून घेतलेला. तोंड सुकलेलं. ज्या बाईला तावदानाची टकटक दोन दिवस झोपू देत नव्हती, तिला तो थेंब कसा सोसत असेल ते मला तेव्हा दिसलं.

"आक्का, नीट करून टाका ना तो नळ."

त्यांनी पदर खाली घेतला. कान देऊन थोडा वेळ ऐकलं आणि मग म्हणाल्या, "चुकतंय का गं माझं?"

त्या काय करतायत, हेच मला तेव्हा पुरतं उमगलेलं नव्हतं.

"थोडका नसंल तिला त्रास," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "आधीच कमी हाय का तिला. आज सांजेपर्यंत बघते. नाय तर बदलून टाकते."

मी वर येऊन कपड्यांच्या घड्या घालत होते. ऊन कलत आलं होतं. खालून दार उघडल्याचा आवाज आला, पाठोपाठ अनवाणी पावलं. मी कठड्यावरून वाकून बघितलं. सुनंदा अंगणात आली होती. केस सुटलेले, साडी कशीतरी गुंडाळलेली. एवढ्या महिन्यांनी उजेडात आल्यामुळे तिचे डोळे बारीक झाले होते. ती सरळ आक्कांच्या दारावर गेली आणि दोन्ही हातांनी दार बडवायला लागली.

"आक्का! ओ आक्का! तो नळ बंद करा! किती दिवस झाले, ऐकू येत नाही का तुम्हाला? बहिऱ्या झालात का? डोकं फुटायची पाळी आलीय माझी! इतकी माणसं राहतात इथे, एकालाही कळत नाही?"

आवाज फाटलेला होता. पण आवाज होता. वरच्या-खालच्या सगळ्या बायका दारात आल्या. आक्का मागच्या बाजूने धावत आल्या. मी त्यांना इतक्या वेगाने चालताना कधी पाहिलं नव्हतं.

"आले, आले. चुकलं माझं. आत्ता करते," त्या म्हणत होत्या. पिशवीतून घाईघाईने पान्हा काढला तो खाली पडला. सुनंदाने तो उचलला. "आणा इकडे, तुम्हाला नाही जमायचं," असं म्हणून ती नळाशी बसली आणि जोर लावला. वरचा कॉक बंद करायचं दोघींच्याही ध्यानात आलं नाही. नळाचं डोकं सुटलं आणि पाण्याची धार दोघींच्या तोंडावर उडाली. सुनंदा दचकून मागे पडली, आक्कांनी तिला धरलं. आणि मग ती रडली. आक्कांच्या ओल्या खांद्यात डोकं खुपसून, मोठ्याने, आम्हाला कुणालाही ऐकवेना असं. पाणी उडतच होतं. आक्का तिच्या पाठीवर हात फिरवत तशाच भिजत बसल्या. तेव्हाही काही बोलल्या नाहीत.

ह्यांनी जाऊन टाकीचा कॉक बंद केला.

नंतर मी आक्कांना विचारलं, की नळ मुद्दाम ठेवला होता ना? त्या म्हणाल्या, "वायसर मिळत नव्हता." पत्र्याचा भरलेला डबा तेव्हाही त्यांच्या पिशवीत खुळखुळत होता.

महिनाअखेरीस दिलीपची आई टेम्पो घेऊन आली. अंगणात उभी राहून तिने सामान काढायला सांगितलं आणि इमारतीकडे बघत म्हणाली, "या वास्तूतच खोट आहे. माझं नातवंड गिळलं हिने."

आक्का पायरीवर उभ्या होत्या. एका शब्दाने त्या उलटल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा पांढरा पडला.

सुनंदा दारात आली. केस नीट बांधलेले होते. हळू बोलली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "आई, घराला काही बोलू नका. या घरात वाईट काही नाही. मोरीचा दरवाजा तेवढा खाली घासतो, तो आक्का करून देतील. मी कुठे जाणार नाही."

सासू दिलीपकडे बघायला लागली. दिलीपने बायकोकडे बघितलं आणि टेम्पोवाल्याला म्हणाला, "तुम्ही जा. तुमचं भाडं देतो."

आक्का पिशवी घेऊन केव्हाच मोरीच्या दरवाजाशी पोचल्या होत्या.

दोघं तिथे पुढे कितीतरी वर्षं राहिली. सुनंदाला नंतर मूल झालं नाही. लोक विचारायचे, तिला त्याचा त्रास व्हायचा, पण ती गप्प बसत नसे, चांगली फटकारून काढायची. तिने शिवणाचं मशीन घेतलं, ब्लाउज शिवायला लागली, मग परकर-पोलक्यांच्या ऑर्डरी. तिच्या सासूचेही ब्लाउज पुढे तिच्याकडेच येऊ लागले, तेही बाही घट्ट झाली म्हणून परत येत. आणि गुलाबांची छाटणी आली की ती आक्कांच्या जोडीला मागच्या बागेत असायचीच.

आम्ही दोन हजार सालानंतर इंदिरानगरला फ्लॅट घेतला आणि तिथून निघालो. शहर भराभर बदललं. रस्त्यापलीकडचे मळे गेले, तिथे मोठ्या इमारती आल्या. बिल्डर आक्कांकडेही येऊन बसत. भाऊसाहेबांच्या मनात विकायचं होतं, पण आई असेपर्यंत त्यांनी तो विषय ताणला नाही. आक्का गेल्या त्या अगदी थोड्या आजारात. ताप आला, छातीत कफ झाला, दवाखान्यात नेलं आणि आठवड्याच्या आत सगळं संपलं.

दहाव्याला आम्ही गोदावरीवर गेलो. भाऊसाहेबांना वाटलं होतं, घरची माणसं आणि चार भाऊबंद येतील. तर घाटावर माणसं मावेनात. कोण कुठल्या काळात राहून गेलेलं, कोणाची मुलं त्या अंगणात चालायला शिकलेली. भाऊसाहेबांना निम्मे चेहरे ओळखता येत नव्हते. ते प्रत्येकाजवळ जाऊन हात जोडून विचारत होते, "तुम्ही कोणत्या खोलीत होता?" माणसं सांगायची, वर उजवीकडे, खाली विहिरीकडे. भाऊसाहेब मान हलवायचे. चौथ्या-पाचव्या माणसानंतर त्यांना विचारताच येईना.

विधी आटोपल्यावर मी आणि सुनंदा एकाच रिक्षात बसलो. तिला तिच्या बहिणीकडे पाथर्डी फाट्याला जायचं होतं आणि माझं घर वाटेवर होतं. रिक्षा घाटावरून निघाली. मग ती एकदम म्हणाली, "आता त्याचं नाव घेणारं कुणी राहिलं नाही."

"कुणाचं?"

"माझ्या बाळाचं. मी नाव ठेवलं होतं ना. पोटात होता तेव्हाच. दिलीपलाही सांगितलं नव्हतं, बारशाला सांगू म्हटलं. नंतर कुणी विचारलंच नाही, आणि मीही... एकदा छाटणी करताना आक्कांना सांगितलं. तेव्हापासून दर वर्षी त्या आठवण काढायच्या. जास्त काही नाही. आता शाळेत गेला असता गं. आता तुझ्या खांद्याला लागला असता. एवढंच. पण नाव घेऊन."

रिक्षा मुंबई नाक्याच्या सिग्नलला थांबली होती. मी तिचा हात हातात घेतला आणि विचारलं, "काय नाव ठेवलं होतंस?"

"मयूर," ती म्हणाली.

"मयूर," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघून हसली, डोळे पुसले आणि बोलायला लागली. तो पोटात असताना कसा लाथा मारायचा, तिला कैरीची कढी किती खावीशी वाटायची, त्याच्यासाठी तिने विणायला घेतलेलं टोपडं कोणत्या रंगाचं होतं. सिग्नल सुटला. रिक्षा इंदिरानगरला वळली, माझ्या सोसायटीचं गेट समोर आलं. रिक्षावाल्याने वेग कमी केला आणि मागे वळून विचारलं, "ताई, इथंच ना?"

सुनंदा बोलत होती.

"नाही," मी त्याला म्हणाले. "पुढे घ्या."